दिशा पट्टीची, रेघ हाताची: ड्राफ्टिंग संचाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतले लोक मोकळे होतील. इलिप्सचे, म्हणजे लंबवर्तुळाचे, साचे घ्या, दुसरा विचार करू नका. मिटता-उघडता येणारा गुण्या चांगला आहे. फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणं गिरवायचे नक्षीदार तुकडे, ठीक, पण ते वापरायची रीत शिकावी लागते. टेक्निकल पेनं, म्हणजे ठरलेल्या एकाच जाडीची रेघ काढणारी पेनं, घ्यायची की नाही, हे तुम्ही काय काढता त्यावर ठरवा. आणि हवी तशी वाकते म्हणून विकली जाणारी ती रबरी पट्टी, म्हणजे फ्लेक्सिबल कर्व्ह, कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. मी इलस्ट्रेशनवर पोट भरते. विज्ञानाच्या पुस्तकांतले यंत्रांचे छेद, कीटकांच्या आणि वनस्पतींच्या आकृत्या, आणि मधूनमधून लहान मुलांची पुस्तकं. म्हणजे टेबलाच्या एका टोकाला सेंट्रिफ्युगल पंप उघडा पडलेला आणि दुसऱ्या टोकाला छत्री घेऊन निघालेलं अस्वल. दोन्हींना एकच हात लावायचा असतो. त्यामुळे 'साधनं की मोकळा हात' हा वाद माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे. संच कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण असे संच बरेच जण बनवतात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो: १५ ते ६० अंशांच्या इलिप्स साच्यांची गड्डी, तीन फ्रेंच कर्व्ह, गुण्या, वर शिव्या घातलेली पट्टी, आणि ०.२५, ०.३५, ०.५ मिलिमीटरची तीन टेक्निकल पेनं.

'खरा चित्रकार पट्टीला हात लावत नाही' असं सांगणारा माणूस भेटला की पुढच्या वाक्यात ज्योत्तो, तो जुना इटालियन चित्रकार, येणार हे मी धरूनच चालते. पोपच्या दूताने कामाचा नमुना मागितला आणि ज्योत्तोने एका झटक्यात, हातानेच, अचूक वर्तुळ काढून दिलं. ही गोष्ट वसारीने १५५० साली छापलेल्या चित्रकारांच्या चरित्रांत आहे, ज्योत्तो जाऊन दोनशेहून अधिक वर्षं उलटल्यावर. बरं, खरी धरू. पण समोरून दिसणारं वर्तुळ हा हाताला त्यातल्या त्यात सोपा वळसा आहे. खांदा सैल सोडून सराव केला की जमतो. त्या दूताने जर म्हटलं असतं की आता हेच चाक वीस अंशांवर तिरकं दाखवा आणि त्याच आसावर मागे आणखी तीन ओवा, तर ज्योत्तोनेही काहीतरी शोधलं असतं. दुसऱ्या बाजूला जर्मन चित्रकार ड्यूरर बघा. १५२५ साली कंपास आणि पट्टीने मोजमाप कसं करावं यावर त्याने अख्खा ग्रंथ छापला. त्यातल्या एका चित्रात दोन माणसं भिंतीतल्या कडीतून दोरा ओढून ल्यूट या तंतुवाद्याचा एकेक बिंदू पकडतायत. आणि हाच माणूस १५०२ साली तो प्रसिद्ध ससा रंगवून बसला होता. त्या सशाच्या कानाला कोणता साचा लावणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: रेघ थरथरली तर पाहणारा माफ करतो, उलट त्याला ती आवडते. रेघेची दिशा चुकली तर माफ करत नाही. मग या संचातलं प्रत्येक साधन मी एकाच प्रश्नावर तपासते. ते मला दिशा देतं का, आणि दिशा देऊन बाजूला होतं का?

इलिप्सचे साचे या परीक्षेत पहिले येतात. यंत्राच्या चित्रात गोल वस्तू किती असतात हे काढायला बसल्याशिवाय कळत नाही. शाफ्ट, बेअरिंग, बोल्ट, नळ, झाकणं, चाकं. गोल वस्तू जरा तिरकी झाली की तिचं लंबवर्तुळ होतं, आणि मोकळ्या हाताने काढलेल्या लंबवर्तुळाचे आजार ठरलेले आहेत. एक तर टोकं पानासारखी अणकुचीदार होतात, नाहीतर वरची-खालची बाजू सपाट होऊन बसते. पाहणाऱ्याला भूमिती येत नसली तरी काहीतरी बिनसलंय एवढं त्याला लगेच कळतं. घराची भिंत थोडी वाकडी चालते. पंपाचं तोंड वाकडं चालत नाही, कारण मग तो पंप फिरेल असं वाटतच नाही.

साच्यावर लिहिलेला अंश म्हणजे तुमची नजर त्या वर्तुळाच्या पृष्ठभागाला किती कोनात भिडते तो आकडा. ९० अंशांना पूर्ण वर्तुळ, शून्याला नुसती रेघ. मोठा अक्ष ६० मिलिमीटरचा धरला तर ३० अंशांच्या साच्यात छोटा अक्ष बरोबर निम्मा, ३० मिलिमीटर. ४५ अंशांना साधारण ४२.४. हे गणित पाठ असण्याची गरज नाही, पण ३० म्हणजे निम्मा एवढं डोक्यात ठेवलं तर समोरच्या वस्तूकडे बघून कोणता साचा उचलायचा याचा अंदाज बसतो. पेन्सिल हात लांब करून धरायची, तिरक्या चाकाची रुंदी आणि उंची मापायची, निम्मी आहे की कमी की जास्त ते बघायचं. झालं.

अंशापेक्षाही महत्त्वाच्या आहेत त्या भोकाभोवतीच्या चार बारीक खुणा. पुष्कळजण त्यांच्याकडे बघतही नाहीत. त्या खुणा मोठ्या आणि छोट्या अक्षाच्या आहेत, आणि छोटा अक्ष चाकाच्या आसाच्या रेघेवर बसवायचा हा सगळ्या गोल वस्तूंचा एकच नियम आहे. चाक उभं आहे म्हणून लंबवर्तुळही उभं ठेवायचं, हा मोह जवळपास प्रत्येक नव्या हाताला होतो. सायकलच्या हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) छेद काढताना मी आधी आसाची एक लांब, फिकट रेघ ओढते. मग कप, शंकूसारखा कोन, बेअरिंगच्या गोळ्यांचं कडं, बाहेरचं नट, प्रत्येकाचा छोटा अक्ष त्याच रेघेवर. एवढं केलं की पुढे हात कितीही मोकळा सोडा, हब एका आसावर फिरतो. ही रेघ ओढल्याशिवाय काढलेला हब कितीही सुंदर शेडिंग करा, प्रत्येक भाग वेगळ्या दिशेला बघत बसतो.

आणखी एक बारकावा, जो साच्यासोबतच्या चिठ्ठीत कधीच नसतो. यथादर्शनात, म्हणजे पर्स्पेक्टिव्हमध्ये, लंबवर्तुळाचा मध्य आणि मूळ वर्तुळाचा मध्य एकाच जागी पडत नाहीत. वर्तुळाचा खरा मध्य थोडा पलीकडे, आपल्यापासून दूरच्या बाजूला सरकतो. म्हणून चाकाच्या आऱ्या साच्याच्या मध्यातून काढल्या की चाक किंचित आपल्या अंगावर आल्यासारखं दिसतं. छोट्या चित्रात चालून जातं. पान भरून चाक असेल तर नाही.

तक्रार आहे ती पाच-पाच अंशांच्या टप्प्यांची. टप्पे कागदावर सारखे दिसतात, पण डोळ्याला सारखे नाहीत. ६० मिलिमीटरचाच मोठा अक्ष घ्या. १५ आणि २० अंशांच्या साच्यांत छोट्या अक्षाचा फरक पडतो सुमारे ५ मिलिमीटर, १५.५ वरून २०.५. तर ५५ आणि ६० मध्ये जेमतेम २.८. म्हणजे चपट्या इलिप्सना, जिथे डोळा सर्वांत चौकस असतो, तिथेच उडी सर्वांत मोठी. तिथे अधलेमधले साचे द्यायला हवे होते आणि वरच्या अंशांतले एकदोन कमी केले असते तरी कुणी रडलं नसतं. अशा वेळी मी जवळच्या दोन साच्यांनी दोन फिकट इलिप्स काढते आणि मधून हाताने तिसरा. हात इथे भरकटत नाही, कारण दोन्ही बाजूंना काठ असतो.

संचात ३५ अंश १६ मिनिटांचा आयसोमेट्रिक साचा नाही. १८२२ साली केंब्रिजच्या विल्यम फॅरिशने वस्तूच्या तिन्ही बाजू एकदम दाखवणारी आयसोमेट्रिक पद्धत मांडली, तेव्हापासून यंत्रं समजावून सांगायला ती फार सोयीची ठरली आहे: तिन्ही बाजू सारख्याच आखडतात, त्यामुळे तिन्ही बाजूंवरच्या वर्तुळांना एकच साचा चालतो. नुसत्या आकाराचं म्हणाल तर ३५ चा साचा पुरतो. ६० मिलिमीटरला फरक ०.२ मिलिमीटर, पेनाच्या रेघेपेक्षाही कमी. अडचण मापाची होते. आयसोमेट्रिक साच्यावर ६० लिहिलेलं असेल तर ते आयसोमेट्रिक अक्षावरचं माप असतं आणि मोठा अक्ष प्रत्यक्षात ७३.५ च्या आसपास निघतो. साध्या साच्यावर हा हिशेब दरवेळी आपणच करायचा. काम आयसोमेट्रिकचं असेल तर तो साचा वेगळा घ्या.

वापराची माझी पद्धत: साच्यातून फक्त पेन्सिल, तीही २एच, म्हणजे कडक शिशाची, अगदी हलकी आणि उभी धरून. पेन्सिल कलली की रेघ भोकाच्या काठापासून आत-बाहेर होते. मग साचा उचलून ठेवायचा, कागद फिरवायचा आणि शाईची रेघ हाताने. बोल्टची डोकी आणि तत्सम बारीक गोल मात्र साच्यातूनच शाईत काढते. एवढ्याशा वळणात हाताला बोलायला जागाच नसते.

फ्रेंच कर्व्हवर इतका वेळ घालवत नाही. तीन नक्षीदार तुकड्यांचा हा संच बऱ्याच ठिकाणी बर्मेस्टरच्या नावाने ओळखला जातो, लुडविग बर्मेस्टर या जर्मन गणितज्ञावरून. ते उचलून कागदावर ठेवायचे आणि काठाने फिरवायचे असं वाटत असेल तर निराशा होईल. वळण आधी हाताने काढावं लागतं. मग कर्व्हचा असा भाग शोधायचा की तो निदान तीन ठिकाणी तुमच्या वळणाला टेकेल. तेवढ्यातलाही मधलाच तुकडा गिरवायचा, टोकं सोडायची, कर्व्ह सरकवून पुढचा तुकडा मागच्यावर थोडा चढवायचा. टोकापर्यंत गिरवलं की सांधा दिसतोच. म्हणजे मूळ निर्णय हाताचाच, कर्व्ह फक्त त्याचे कपडे इस्त्री करतो. गाडीचं बॉनेट, विमानाचं पंख असल्या लांब, तणावलेल्या वळणांना उपयोग होतो. पानाला, शिंगाला, कापडाच्या चुणीला कर्व्ह लावलेलं चित्र मला लांबूनही ओळखू येतं. त्यातली वळणं सगळी त्याच तीन तुकड्यांतून आलेली असतात.

फ्लेक्सिबल कर्व्ह ही कल्पना म्हणून छान आहे. आत मऊ धातू, वर रबर किंवा प्लास्टिक. वाकवा तशी राहते. पण बोटांनी दाबलेला प्रत्येक उंचवटा ती राखून ठेवते आणि रेघेत उतरवते. लहान त्रिज्येत वळतच नाही. जहाजांचे आराखडे काढणारे लोक याच कामासाठी लाकडाची पातळ पट्टी वापरायचे, ती ठिकठिकाणी शिशाच्या वजनांनी दाबून ठेवायचे. तिचं वळण निर्मळ यायचं, कारण दोन वजनांच्या मधली पट्टी आपल्या ताणाने जाते, तिथे बोट कुणी लावत नाही. फ्लेक्सिबल कर्व्हमध्ये तो ताणच मारून टाकला आहे. जहाजवाल्यांची ती अक्कल पुढे गणितात गेली. मोटारींची अंगं कॉम्प्युटरवर आखायला सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्ज्योने १९५९ मध्ये आणि रेनॉमध्ये प्येर बेझिएने त्यानंतरच्या दशकात ज्या वक्ररेषा बसवल्या, त्याच १९८७ च्या ॲडोबी इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन टूल म्हणून आपल्या हातात आल्या. ज्यांना खरंच साधनाने वळण काढायचं आहे त्यांनी रबरी पट्टीऐवजी पेन टूल शिकावं. कमी बिंदू ठेवायचे, आणि ते वळणाच्या टोकाच्या जागी, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आता पेनं. रोट्रिंगने १९५३ साली रॅपिडोग्राफ आणलं, त्याआधी आराखडेवाले रुलिंग पेनने काम करत: दोन पाती, मध्ये शाईचा थेंब, स्क्रू फिरवून जाडी ठरवायची. नळीच्या टोकाच्या पेनाने तो सगळा खटाटोप गेला. आणि जाड्यांचं कोष्टक मला मनापासून आवडतं: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. प्रत्येक पुढची जाडी मागच्या जाडीच्या साधारण १.४ पट. ए४ वरून ए३ वर जाताना लांबी-रुंदीही तितक्याच पटीने वाढते. म्हणून ए३ वर ०.३५ ने काढलेली आकृती ए४ वर छापली की तिच्या रेघा नेमक्या ०.२५ च्या होतात. मोठं काढून लहान छापणाऱ्या आम्हा लोकांना यासारखी सोय नाही.

पण ही पेनं उभीच धरावी लागतात आणि दाबाला दाद देत नाहीत. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. आराखड्यात तो गुण आहे, चित्रात नाही. तांत्रिक चित्रातही जाडीला अर्थ असतो. ज्या कडेच्या दोन्ही बाजू आपल्याला दिसतात ती कड बारीक, जिची एकच बाजू दिसते आणि दुसरी मागे लपते ती जाड. एवढ्या एका नियमाने सपाट आकृतीतला भाग कागदावरून उचलला जातो. तीन पेनांनी हे करता येतं, पण पेन बदलतानाची ती ठक्क अशी पायरी दिसते. टाक आणि चांगली लवचिक निब घेतली तर तीच रेघ बारीक सुरू होऊन वजन आहे तिथे जाड होते आणि पुन्हा निवळते. अस्वलाच्या छत्रीचा दांडा मी टेक्निकल पेनने काढून बघितला. छत्री ठीक होती, पण अस्वलाने ती धरलेली नव्हती, शेजारी ठेवलेली होती. संचातलं ०.२५ तर दोन दिवस पडून राहिलं की सुकतं, आणि आतली ती केसासारखी तार साफ करताना वाकली की पेनाची सेवा संपली. रोज वापरणार नसाल तर ०.३५ पुरे.

पट्टी आणि जिवंत रेघ एकत्र येऊच शकत नाहीत असं मात्र नाही. जपानी चित्रकारांची एक रीत आहे. पट्टीला लांब खाच असते. एकाच हातात काचेची कांडी आणि कुंचला धरायचा, कांडीचं टोक खाचेतून चालवायचं आणि कुंचला कागदावर. सरळपणा खाचेचा, दाब तुमचा. मला या सगळ्या विषयावर याहून शहाणं साधन दिसलेलं नाही, आणि ते कोणत्याच संचात नसतं. चिनी चित्रकलेत तर पट्टीच्या मदतीने राजवाडे, पूल, नावा रंगवण्याचा ज्येह्वा नावाचा वेगळा प्रकारच होता. साहित्यिक-चित्रकारांनी त्याला कारागिरी म्हणून नाक मुरडलं. म्हणजे आपला वाद तसा जुनाच.

गुण्याबद्दल थोडक्यात: बिजागरी घट्ट आहे, अंश नीट वाचता येतात, आणि काठ कागदापासून किंचित वर उचललेला आहे. या शेवटच्या गोष्टीला मी अर्धे गुण देते, कारण काठ कागदाला टेकला की शाई खालून पसरते. समांतर रेघांना, आयसोमेट्रिकच्या ३० अंशांना हा उत्तम. पर्स्पेक्टिव्हला मात्र तोकडा पडतो. रस्ता, इमारत, लांब वर्कशॉप काढायचं तर लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात ती जागा, बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर, टेबलाच्याही बाहेर जातो. चित्राच्या आत बिंदू असेल तर दोऱ्याने भागतं. डच चित्रकार व्हर्मियरच्या अनेक चित्रांत लोपबिंदूच्या जागी टाचणीचं भोक सापडलं आहे. टाचणीला खडू लावलेला दोरा बांधून तो रेघा उमटवत असावा असं अभ्यासक मानतात. भोकावर रंग चढला, दोरा गेला, आणि त्या खोल्यांना कुणी यांत्रिक म्हटलेलं मला आठवत नाही.

बिंदू टेबलाबाहेर गेला की मी मुकाट्याने टॅब्लेट उघडते. इथे डिजिटल साधनांशी तुलना करण्यात अर्थ नाही, ती सरळ जिंकतात. प्रोक्रिएट या ॲपच्या ड्रॉइंग गाइडमध्ये तीनपर्यंत लोपबिंदू ठेवता येतात, कॅनव्हासबाहेरही. क्लिप स्टुडिओ पेंटच्या पर्स्पेक्टिव्ह रूलरचंही तेच. जाळी छापून घ्यायची, लाइट टेबलवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या टेबलावर, कागदाखाली सरकवायची आणि वर मोकळ्या हाताने काढायचं. दिशा मिळाली, रेघ आपली राहिली. कागदावरच काम करणाऱ्यांनीही एवढ्यापुरतं सोवळं सोडावं असं माझं मत आहे.

त्याच ॲपांमधल्या रेघ सावरणाऱ्या सोयीबद्दल, स्टॅबिलायझरबद्दल, माझं मत बरोबर उलट आहे. ती दिशा देत नाही. तुम्ही जिथे निघालात तिकडेच जाते, फक्त हाताची सगळी बारीक हालचाल सरासरीत घालून गुळगुळीत करते. कोपरे गोल होतात, रेघ पेनाच्या मागून रेंगाळत येते. चुकीच्या दिशेची रेघ चुकीच्याच दिशेला जाते, पण दिसते मोठी आत्मविश्वासाची. ज्या कंपाला पाहणारा माफ करणार होता तोच काढून टाकला आणि ज्या चुकीला करणार नव्हता ती तशीच ठेवली. अक्षरलेखनाला, लांब वेलबुट्टीला थोडं ठेवावं. कीटकाच्या पायावरच्या केसांना शून्य.

या सगळ्यात माझ्या मताच्या सर्वांत जवळ येणारी सोय क्रिटामध्ये सापडली, आणि ते सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात कॅनव्हासवर असिस्टंट ठेवता येतात: इलिप्स, लोपबिंदू, समांतर रेघ, वक्ररेषा. ब्रश त्यांना चिकटतो. पण किती चिकटावा, म्हणजे त्यांचं चुंबकत्व, कमी-जास्त करता येतं. पूर्ण ठेवलं तर साच्यातून काढलेली मेलेली रेघ. जरा खाली आणलं की रेघ इलिप्सच्या वळणाने जाते आणि तरी तिच्यात माझा हात दिसतो. पंपाच्या छेदाची बाह्यरेषा मी आता अशीच काढते, आणि कला-संपादकाकडून 'जरा कडक वाटतंय' हा शेरा येणं थांबलं आहे. कागदावर हे जमायला साचा, पेन्सिल, खोडरबर आणि निब असा चार पायऱ्यांचा प्रवास करावा लागतो.

उलट दिशेचाही एक नियम आहे, तो सांगायला हवा. विज्ञानाच्या आकृतीत नावं दाखवणाऱ्या रेघा आणि मापाची पट्टी कधीही हाताने काढू नका. वस्तू मोकळ्या हाताची आणि निर्देशरेषाही मोकळ्या हाताची असली की वाचणाऱ्या मुलाला मिशी कुठे संपते आणि 'मिशी' या शब्दाकडे जाणारी रेघ कुठे सुरू होते ते कळत नाही. इथे पट्टीची ती निर्जीव, एकसारखी रेघच हवी. ही माझी नाही, वस्तूचीही नाही, नुसती बोट दाखवते आहे, हे तिने पाहता क्षणी सांगितलं पाहिजे. ०.२५ चं पेन ज्या एका कामासाठी मी अजून साफ करत बसते ते हेच.

कीटकांच्या कामात तिसरंच. भुंगेऱ्याचं अर्धं अंग डिव्हायडरने मापून काढायचं, ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरं अर्ध उतरवायचं, ही रूढ पद्धत. ॲपमधली सिमेट्री तेच करते, वेळ वाचवून. पेन्सिलीपर्यंत मी दोन्ही वापरते. शाई मात्र दोन्ही बाजूंना वेगवेगळी, समोरच्या नमुन्याकडे बघून. डाव्या पंखावरचा ठिपका उजव्यापेक्षा किंचित खाली असेल तर तो तसाच यायला हवा. संचात मापाचा डिव्हायडर नाही. प्रपोर्शनल डिव्हायडर, म्हणजे एका टोकाने माप घ्यावं आणि दुसऱ्या टोकाने ते ठरलेल्या पटीत मोठं-लहान व्हावं असा, दिला असता तर मी रबरी पट्टीवरून एवढं बोललेही नसते. वनस्पतींचं काम करणाऱ्यांना तो साच्यांपेक्षाही आधी लागतो.

संच घ्यायचाच असेल तर साचे आधी उजेडाकडे धरून बघा. भोकाच्या काठाला प्लास्टिकचा कंगोरा राहिला असेल तर पेन्सिल तिथे दरवेळी अडकेल आणि रेघेला तिथेच दात येईल. रंगीत पारदर्शक प्लास्टिक रंगहीनापेक्षा बरं, काठ नीट दिसतो. साच्याखाली छोटे उंचवटे नसतील तर पाठीमागे चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा, काठापासून जरा आत, म्हणजे शाई खाली ओढली जाणार नाही. आणि विकणारा साचे सुटे द्यायला तयार असेल तर अख्ख्या संचाच्या नादी लागू नका. टेबलावर बसून जरा खाली बघताना वस्तू जशा दिसतात, त्या बहुतेक २० ते ३५ च्या दरम्यान येतात. २०, २५, ३० आणि ३५, एवढे चार घ्या. पंचेचाळिसाचा पुढे कधीतरी. ६० चा माझा अजून कोरा करकरीत आहे.